नमुन्याची सही

बँकेत सह्या जुळवण्याच्या टेबलावर मी सलग अकरा वर्षे काढली आहेत. चेकवरची सही आणि आमच्याकडे ठेवलेली नमुन्याची सही एकाच माणसाची आहे की नाही, हे ठरवायचे, एवढेच काम. ऐकायला सोपे वाटते. पहिल्याच आठवड्यात मी एक चेक मोठ्या आत्मविश्वासाने पुढे सरकवला, कारण दोन्ही सह्या तंतोतंत सारख्या होत्या. आमचे तेव्हाचे हेडक्लार्क बशीत चहा ओतत होते. ते बशीवरून डोळेसुद्धा न उचलता म्हणाले, "इतकी जुळतेय ना? मग खोटी असणार. खऱ्या माणसाला स्वतःची सही दोनदा सारखी करता येते का रे? काचेवर ठेवून गिरवलीय कुणीतरी." आणि ती गिरवलेलीच निघाली! तेव्हापासून मी जुळणाऱ्या गोष्टींकडे संशयाने पाहतो. आमच्या पत्रिकेत छत्तीसपैकी चौतीस गुण जुळले होते, पण लग्न त्याआधीच होऊन गेले असल्यामुळे इलाज नव्हता.

हे सगळे आठवायला कारण झाला पियानो.

माझ्यासारख्या मराठी माणसाची पियानोशी पहिली ओळख हिंदी सिनेमात होते. 'अंदाज'मध्ये (१९४९) दिलीपकुमार, 'संगम'मध्ये (१९६४) राज कपूर, 'ब्रह्मचारी'मध्ये (१९६८) शम्मी कपूर. ज्याची प्रेयसी हातची जाणार, त्याने भर पार्टीत पियानोपुढे बसायचे, असा दंडकच होता. पाहुण्यांनी ग्लास धरून भोवती उभे राहायचे, आणि गाण्यातला टोमणा कुणाला आहे हे बाल्कनीपासून स्टॉलपर्यंत सगळ्यांना कळले तरी शेजारी उभ्या असलेल्या माणसाला कळायचे नाही. त्यामुळे पियानो हे वाद्य नसून श्रीमंतांचे दुःख ठेवायचे फर्निचर आहे, अशी माझी समजूत. म्हणून आमची कन्या एके दिवशी "बाबा, मला पियानो शिकायचाय" म्हणाली, तेव्हा मी पहिला प्रश्न विचारला तो, "का गं? काही झालंय का?"

झाले एवढेच होते, की आमच्या चाळीमागच्या वाडीत गोव्याच्या एक टीचर राहत, आणि त्यांचा पियानो गॅलरीतून ऐकून ऐकून कन्येच्या कानात बसला होता. टीचर अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. त्यांचे वडील हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात व्हायोलिन वाजवीत, आणि त्यांनीच कधी काळी हा उभा पियानो जुन्या बाजारातून आणलेला. झाकणावरची सोनेरी जर्मन अक्षरे इतकी पुसलेली, की कंपनीचे नाव वाचण्यापेक्षा तर्काने ठरवायचे. आत एक छोटा बल्ब कायम पेटता ठेवलेला. मी आपला वीजबिलाचा विचार करून म्हटले, "टीचर, दिवा चालू राहिलाय." त्या म्हणाल्या, "राहिला नाय बाबा, ठेवलाय. पावसात लाकूड फुगतं. पट्ट्या वर येत नायत." आत डांबराच्या गोळ्याही होत्या, कारण हातोड्यांवरची लोकर कसरीला फार आवडते. थोडक्यात, पियानोचा सांभाळ आणि आईच्या शालूचा सांभाळ यांत फारसा फरक नाही.

एकदा त्यांनी पुढची फळी काढून मला आत डोकावू दिले. तारा किती असतील? दोनशे तीसच्या आसपास. पट्ट्या अठ्ठ्याऐंशीच, पण खालच्या जाड सुरांना एकेक तार, मग दोन-दोन, आणि वरच्या बारीक सुरांना तीन-तीन. सगळ्या तारांचा मिळून ताण पंधरा-वीस टन भरतो. इतका ताण मी फक्त एकतीस मार्चला आमच्या मॅनेजरांच्या चेहऱ्यावर पाहिला आहे. पट्टी दाबली की लोकर लावलेली हातोडी तारेकडे फेकली जाते, तारेला लागते आणि ताबडतोब मागे पडते. फेकली जाते, हा शब्द महत्त्वाचा. एकदा हातोडी सुटली की वादकाच्या हातात काही उरत नाही. चेक क्लिअरिंगला गेला की गेला. किती वेगाने फेकायची, एवढाच काय तो आपला अधिकार. फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० सालच्या सुमारास ही युक्ती काढली आणि वाद्याचे नावच 'हळू आणि जोरात' या अर्थाचे पडले. त्यातला 'हळू' तेवढा, म्हणजे 'पियानो', शिल्लक राहिला. शेजाऱ्यांचा अनुभव नेमका उलटा असतो.

शिकायला टीचरांचा पियानो होता. पण सराव कशावर करायचा? उभा पियानो म्हणजे दोन-अडीचशे किलो. आमची चाळ टेकूंवर उभी आहे. पियानो चढवला असता तर तो तिसऱ्या मजल्यावर आमचा आणि पंधरा मिनिटांनी दुसऱ्या मजल्यावर त्यांचा झाला असता. शेवटी पतपेढीचे कर्ज काढून अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांचा एक विजेचा कीबोर्ड घेतला आणि कन्येने तो कॉम्प्युटरला जोडून त्यात पियानोचे सॉफ्टवेअर घातले. दुकानदार म्हणाला, "साहेब, आवाज एकदम ओरिजिनल." बँकेत आम्ही झेरॉक्सवर शिक्का मारतो, 'मूळ प्रत पाहून पडताळली'. मी विचारले, "तुम्ही मूळ प्रत पाहिली आहे का?" त्याने कीबोर्डची पावती पुढे केली.

या सॉफ्टवेअरच्या दोन जाती आहेत, हे मला कन्येने समजावले. पहिली जात सॅम्पलवाल्यांची. सॅम्पल म्हणजे नमुना. एक उत्तम पियानो शांत खोलीत ठेवायचा, आणि त्याची एकेक पट्टी हळू, मध्यम, जोरात, त्याहून जोरात अशी वाजवून प्रत्येक वेळचा आवाज मुद्रित करायचा. आपण कीबोर्डवर पट्टी दाबली की कॉम्प्युटर कपाटातून तो नमुना काढून पुढे ठेवतो. आपले स्पेसिमेन कार्डच! काही कंपन्यांची ही कपाटे शंभर जीबीच्या वर गेली आहेत. आपण किती वेगाने दाबले हे मोजायची पद्धत १९८३ साली ठरली आणि तिच्यात वेगाच्या १२७ पायऱ्या आहेत. हे ऐकून मी थक्क झालो. आमच्या वार्षिक गोपनीय अहवालात अख्खा माणूस पाच पायऱ्यांत बसवतात.

मी विचारले, "म्हणजे तीच पट्टी तेवढ्याच जोराने पुन्हा दाबली तर?"

"तर तोच आवाज."

"अगदी तोच?"

"अगदी तोच. म्हणून काही लोक एकाच पट्टीचे दोन-तीन नमुने ठेवतात आणि आलटून पालटून काढतात. नाहीतर मशीनगनसारखं वाटतं."

हेडक्लार्कची बशी माझ्या डोळ्यांसमोर उभी राहिली.

दुसरी जात गणितवाल्यांची. हे लोक काहीही मुद्रित करून वाजवत नाहीत. तार किती लांब, हातोडी किती कडक, लाकडाची फळी कशी थरथरते, याची समीकरणे मांडतात आणि पट्टी दाबताक्षणी आवाजाचा हिशेब नव्याने करतात. फ्रान्समधल्या तुलूझ गावी 'पियानोटेक' नावाचे असे सॉफ्टवेअर २००६ साली निघाले. सगळा पियानो काही थोड्या एमबीत मावतो. ते करणारा गणिताचा प्राध्यापक मुळात पियानो जुळवण्याचे काम करायचा, हे कळल्यावर माझा त्याच्यावर विश्वास बसला. सॅम्पलवाल्यांनी सही गिरवली. या माणसाने सही कशी करतात ते शिकून घेतले. बँकेच्या दृष्टीने हा जास्त धोकादायक.

त्या सॉफ्टवेअरमध्ये 'कंडिशन' नावाची एक दांडी आहे. डावीकडे ठेवली की पियानो नवा कोरा. जसजशी उजवीकडे न्याल तसतसा तो जुना, बेसूर, आजारी होत जातो. म्हणजे चांगल्या आवाजाचे पैसे मोजायचे आणि मग तो दांडीने बिघडवायचा! बी.कॉम.ला मला घसारा काढण्याच्या दोन पद्धती शिकवल्या होत्या. ही तिसरी. आणि एवढ्यावर भागत नाही. पट्टी वर येतानाचा टक् आवाज, पायाच्या पेडलची घरघर, हातोडी परततानाची कुरकुर हेसुद्धा वेगवेगळ्या बटणांनी कमी-जास्त करता येते. तीनशे वर्षे पियानो बनवणाऱ्यांनी जे आवाज घालवण्यासाठी जिवाचे रान केले, तेच परत आणायला आता इंजिनिअर जागरणे करतात.

आमच्या घरात परीक्षा झाली. कन्येने मला भिंतीकडे तोंड करून बसवले आणि एकदा खऱ्या पियानोचे ध्वनिमुद्रण, एकदा सॉफ्टवेअर, असे दहा तुकडे ऐकवले. मी दहापैकी पाच ओळखले. "नाणं उडवलं असतं तरी तेवढेच आले असते," ही स्वयंपाकघरातून म्हणाली. हिच्या भजनी मंडळात फोनमधला तंबोरा चालतो, त्यामुळे ती या बाबतीत पुढारलेली आहे. आणि तिचे खरेच आहे म्हणा. बंगळुरूचा विजेचा तंबोरा सत्तरच्या दशकाच्या शेवटी आला तेव्हा लोकांनी नाके मुरडली, आज मैफलीत तो मांडीशी ठेवलेला असतो. फार कशाला, आपल्या पेटीवर ऑल इंडिया रेडिओने १९४० साली बंदी घातली आणि ती सैल व्हायला १९७१ उजाडले. आज पेटीचा आवाज खरा वाटतो आणि पेटीची नक्कल खोटी.

पण त्या दहा तुकड्यांत एक गोम होती, आणि ती दाखवली टीचरांनी. मी त्यांना माझे मार्क सांगितले, तर म्हणाल्या, "दोन्ही आवाज कुठून आले? त्याच डब्यातून ना? मग तू दोन फोटो बघितलेस. माणूस कुठे बघितलास?" त्यांनी मला पियानोच्या अगदी जवळ उभे केले. वरची एक पांढरी पट्टी आवाज न करता अलगद दाबून धरली आणि तिच्याच खालच्या सप्तकातली पट्टी जोरात मारून सोडली. खालचा सूर थांबला आणि जिला कुणी मारलेच नव्हते ती वरची तार आपोआप गायला लागली. सतारीच्या तरफा ज्याने ऐकल्यात त्याला हे नवीन नाही. मग त्यांनी पेडल दाबून खालची जाड तार वाजवली. पियानोतल्या सगळ्याच तारांच्या तरफा झाल्या, फरशीतून काहीतरी माझ्या तळपायात आले, आणि कपाटातल्या बश्या किणकिणल्या. नव्या सॉफ्टवेअरना तरफांचा हिशेबही बऱ्यापैकी जमतो, असे कन्या सांगते. तळपाय आणि बश्या अजून कुणी घेतलेल्या नाहीत.

तरी मी माझे मत देऊन टाकतो. चांगले सॉफ्टवेअर हे वाईट पियानोपेक्षा चांगलेच वाजते, आणि टीचरांचा पियानो वाईट होता. मधल्या सप्तकातली काळी चार तर मरतुकडी. बाकीच्या पट्ट्यांच्या दुप्पट जोर लावल्याशिवाय ती बोलायचीच नाही. टीचर वाजवताना त्यांचे बोट बरोबर तिथे धप्पकन पडायचे. ऐकणाऱ्याला सगळे सूर सारखे वाटायचे. पाहणाऱ्याला वाटे, एवढ्या एका पट्टीवर बाईंचा राग आहे.

पुढे वाडी पुनर्विकासाला गेली. टीचर वसईला भाचीकडे जाणार, भाचीची जागा एवढीशी. पियानोचे काय, हा प्रश्न वाडीत आठवडाभर चघळला गेला. कन्येने माझ्याकडे पाहिले, मी टेकूंकडे पाहिले. शेवटी चोरबाजारातल्या एका माणसाने तो घ्यायचे कबूल केले. त्याने सांगितलेला आकडा ऐकून मला त्यातल्या डांबराच्या गोळ्याही मोजाव्याशा वाटल्या.

तेव्हा कन्या म्हणाली, "टीचर, आपण याचे सॅम्पल घेऊ या."

मी हिशेब केला. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, प्रत्येकी हळू, मध्यम आणि जोरात, म्हणजे दोनशे चौसष्ट सूर. सरासरी वीस सेकंद धरले तर अठ्ठ्याऐंशी मिनिटे. दीड तासाचे काम! लागल्या चार पहाटा. कारण सूर नुसता वाजवून भागत नाही, तो विरून जाईपर्यंत थांबावे लागते, आणि खालचे सूर अर्धा अर्धा मिनिट विरतात. तेवढा वेळ गिरगावात शांतता पाहिजे. ती पहाटे तीन ते पावणेपाचपर्यंतच मिळते. पावणेपाचला नळाला पाणी येते, मग बादल्या, मग खोकले, मग चर्नी रोडची गाडी. कन्या कानाला हेडफोन लावून कॉम्प्युटरपाशी, मी दाराशी कुणी येऊ नये म्हणून, आणि टीचर पियानोपुढे. अशा वेळी माणसाचा गुडघा वाजतो, हे मी आयुष्यात प्रथम ऐकले. दोन चांगले सूर माझ्या गुडघ्यापायी रद्द झाले.

सगळे सूर टीचरांनीच वाजवले. मोठ्या कंपन्यांत हे काम यंत्राच्या बोटाने करतात म्हणे, म्हणजे प्रत्येक 'हळू' सारखा हळू येतो. टीचरांचा एक हळू दुसऱ्यासारखा नव्हता. पडद्यावर आवाजाच्या रेघा उठत, त्या कुठे आखूड, कुठे लांब. कन्या थोडी वैतागली. मी म्हटले, "राहू दे. या सह्या खऱ्या आहेत."

चौथ्या पहाटे फक्त काळी चार राहिली. हळू आणि मध्यम कसेबसे झाले. 'जोरात' काही केल्या मनासारखा येईना. सात वेळा झाला. आठव्यांदा छान आला, विरत चालला, आणि खिडकीत कावळा ओरडला. हा टीचरांचा रोजचा गिऱ्हाईक. उजाडले की खिडकीत येणार, आणि टीचर "यो रे, यो" म्हणून त्याला पावाचा तुकडा टाकणार. नवव्यांदा घ्यावा तर नळ सुरू झाले. उद्या घेऊ, असे ठरले. पण चोरबाजारवाला सकाळी अकरालाच टेम्पो घेऊन हजर! चार हमालांनी दोर लावून पियानो उतरवला. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर तो आतल्या आत घुमत होता. टीचर खाली आल्या नाहीत.

त्यानंतर सहा महिन्यांनी, गणपतीच्या दिवसांत, टीचर आमच्याकडे आल्या. मोदक झाले, वसईच्या डासांची चौकशी झाली. मग कन्येने कीबोर्डवरचे कापड काढले, दोन चांगले स्पीकर लावले, आणि त्यांना बसवले.

टीचरांनी आधी एक सूर वाजवला आणि हात मागे घेतला. मग दोन्ही हातांनी सुरुवात केली. मला संगीतातले कळत नाही, पण तो आवाज मागच्या वाडीतला होता. पेडलची घरघर होती. बश्या किणकिणल्या नाहीत, तळपायाला काही झाले नाही. टीचर डोळे मिटून वाजवत होत्या. आणि वाजवता वाजवता त्यांचे बोट काळ्या चारवर आले, आणि सवयीप्रमाणे धप्पकन पडले.

काव!

कन्येने जीभ चावली. तिला तो कावळा ठाऊक होता. कीबोर्डची काळी चार ठणठणीत, तिच्यावर जोर द्यायचे काही कारण नाही, त्यामुळे कन्येच्या वाजवण्यात सहा महिन्यांत तो क्वचितच ओरडला असेल. जगात त्या एका पट्टीवर तेवढा जोर टाकणारे बोट एकच होते. टीचर थांबल्या नाहीत. पुढच्या ओळीत काळी चार पुन्हा आली, पुन्हा धप्प, पुन्हा काव. तिसऱ्यांदाही तसेच. तिन्ही काव तंतोतंत सारखे. आमच्या हेडक्लार्कनी पहिल्या फटक्यात परत पाठवला असता.

"टीचर, सॉरी," कन्या म्हणाली. "तो काढून टाकता येतो मला. दोन मिनिटांचं काम."

टीचरांनी चष्मा काढून पदराला पुसला.

"नको गो बाय," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी त्याला पाव द्यायचा राहिला."